कानबाईची अर्धी पाटी

युवराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या स्टुडिओत एका साडीच्या दुकानाची जाहिरात रेकॉर्ड करत होतो. रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरवतात, तसली. निवेदकाला 'भव्य' हा शब्द नीट म्हणता येत नव्हता, म्हणून आम्ही तो पुन्हा पुन्हा घेत होतो आणि काचेपलीकडच्या टेबलावर माझा फोन उजळत होता, विझत होता. रेकॉर्डिंग चालू असताना फोन घ्यायचा नाही हा माझा नियम आहे. त्या दिवशीही तो पाळला. निवेदक चहाला बाहेर गेला तेव्हा मी धुळ्याला उलट फोन लावला. युवराजच्या बायकोचा, ललितावहिनींचा, भाऊ बोलला. "सर गेले. शाळेला निघाले होते. बूट घालता घालता खाली बसले ते..." त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते कागदावर उतरवायला मला इतके आठवडे लागले. आधी दुःख आलं नाही. आधी आली ती सुटका. आता तो मला विचारणार नाही, असं वाटलं. दुःख नंतर आलं, पारोळा ओलांडल्यावर, एसटीच्या खिडकीशी. पण आधी काय आलं ते मला माहीत आहे.

युवराज धुळ्यातल्या देवपूरच्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता. आमची ओळख त्याच्याही आधीची, ऑर्केस्ट्रातली. खान्देशात तेव्हा लग्नाच्या हळदीला ऑर्केस्ट्रा आणायची टूम होती, आणि आम्ही दोघं यावलपासून साक्रीपर्यंत टेम्पोत बसून हिंडलो. मी कीबोर्डवर, तो गिटारवर. मी बोलका नाही, तो त्याहून नाही, त्यामुळे आमचं जमलं. टेम्पोत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हा माणूस गुडघ्यावर वही ठेवून झोपलेल्या ढोलकीवाल्याचं चित्र काढत बसायचा. ढोलकीवाला जागा झाला की म्हणायचा, "भाऊ, मला जरा गोरा करा." युवराज म्हणायचा, "पेन्सिल काळी आहे भो, मी काय करू?"

त्याची थोरली बहीण इंदूअक्का शिरपूरकडच्या एका गावात दिलेली. आई लवकर गेली, युवराजला अक्कानंच वाढवलं. ती गाणारी बाई होती. गाणारी म्हणजे कुठं शिकलेली नव्हे. गावात कुणाचीही हळद असो, जात्याला सुपारी बांधली की अक्काला बोलावणं यायचं, आणि ती सुरुवात करून दिल्याशिवाय बाकीच्या बाया तोंड उघडायच्या नाहीत. एकदा त्याच गावातल्या लग्नात आमचा ऑर्केस्ट्रा होता. कुणीतरी हौसेनं अक्काच्या हातात माइक दिला, आणि आम्ही मागं साथ धरली. दोन ओळी झाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला, वाईट अर्थानं. तिचा गंधार माझ्या कुठल्याच पट्टीवर बसेना. काळी दाबली तर तो वर राही, पांढरी दाबली तर खाली. मी युवराजच्या कानाशी वाकून म्हणालो, "तुझी बहीण बेसूर आहे रे. आवाज कमी करायला सांग." त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि गिटारचा आवाज कमी केला. तिचा नव्हे, स्वतःचा.

नंतरच्या रविवारी तो जळगावला माझ्या खोलीवर आला. गिटारच्या दांडीवर आडवे बारीक पडदे ठोकलेले असतात. कुठं बोट दाबलं की कुठला सूर निघायचा हे ते ठरवतात, आणि कारखान्यात एकदा ठोकले की कायमचे. युवराजनं ते सगळे पक्कडीनं उपटून काढले होते. दांडी दात पाडलेल्या तोंडासारखी दिसत होती. म्हणाला, "नंदू, मी आठवडाभर अक्काकडे होतो. तिला तेच गाणं सकाळी म्हणायला लावलं, दळताना म्हणायला लावलं, चिडलेली असताना म्हणायला लावलं. तो गंधार दर वेळी तिथंच लागतो. चुकणारा माणूस दर वेळी वेगळ्या जागी चुकतो भो. ही चुकत नाही. हिची जागाच तिथं आहे, आणि आपल्या वाद्यात ती जागा नाही." मी म्हणालो, मग सतार घे, सारंगी घे. तो म्हणाला, "गिटार मला येते. येणारं वाद्य टाकून कशाला देऊ? जागा करून देऊ तिला."

मग त्याचा तो उद्योग सुरू झाला, आणि शेवटपर्यंत चालला. दांडीवरची फळी त्यानं काढूनच टाकली आणि तिथं सरकत्या खिडकीला असते तशी ॲल्युमिनियमची खाच बसवली. त्या खाचेत सरकवायच्या वेगवेगळ्या फळ्या तो करू लागला. बाभळीच्या गाभ्याच्या, घासून आरशासारख्या केलेल्या. शाळामास्तर असल्यामुळे त्यांना तो पाट्या म्हणायचा. तारा सैल करायच्या, एक पाटी ओढून काढायची, दुसरी सरकवायची, टोकाचा स्क्रू आवळायचा, तारा पुन्हा लावायच्या. प्रत्येक पाटीवर पडदे वेगळ्या जागी. पडदेही सलग नव्हेत, प्रत्येक तारेखाली वेगळा तुकडा, कुठला पुढे, कुठला मागे, मोडक्या जिन्यासारखे. नेहमीच्या अंतरांची एक पाटी होती, तिला तो सरकारी पाटी म्हणायचा. "ही पाहुण्यांसाठी. शिक्षणाधिकारी आले की हिच्यावर स्वागतगीत." आणि एक हळदीची पाटी, अक्काला समोर बसवून केलेली. ती गायची, हा तारेखाली पडद्याचा तुकडा केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवायचा, आणि जागा सापडली की कानामागची पेन्सिल काढून रेघ ओढायचा. अक्का हैराण व्हायची. "गानं आयकस का लाकूड मोजस रे भाऊ?" तो म्हणायचा, दोन्ही. ती म्हणायची, "मंग एक रोटी कमीच खाय आज."

राहिली होती कानबाईची पाटी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई ही देवी बसते, भाऊबंद एकत्र येतात, नैवेद्याचे रोट होतात, आणि बाया रात्र जागवतात. त्या गाण्यांचे सूर हळदीच्या गाण्यांहून वेगळे, आणि ती गाणी अक्का इतर वेळी म्हणायची नाही. युवराजनं दिवाळीत विनवलं, उन्हाळ्यात विनवलं. तिचं उत्तर एकच. "कानबाईना गाना कानबाईनाच दिनमा म्हनतस. एरवी नही." आणि त्या दिवसांत तिच्याभोवती घरभर माणसं. तिथं लाकूड घेऊन कोण बसू देणार? म्हणून त्यानं ठरवलं, एका कानबाईनंतर लगेच, श्रावण सरायच्या आत, तिला जळगावला आणायचं (तेवढी सूट अक्कानं मोठ्या मिनतवारीनं दिली), माझ्या स्टुडिओत सगळी गाणी रेकॉर्ड करून घ्यायची, आणि मग घरी निवांत ऐकत पाटी करायची. अक्काला धाप लागायला लागली होती. हे त्यानं मला सांगितलं नाही, पण जिना चढताना मला दिसलं.

ते दोघं आले तो दिवस मला चांगला आठवतो. स्टुडिओतल्या एसीत अक्का पदर कानावरून घट्ट ओढून बसली. "आठे ते हिवाळा शे," म्हणाली. मी हेडफोन पुढे केला तर तो तिनं परत केला. "कानले झाकन लाईसन मी कशी गाऊ?" मग मी एसी बंद केला, हेडफोन बाजूला ठेवला, आणि ती भिंतीकडे तोंड करून गायली. हळदीची गाणी युवराजच्या गिटारबरोबर, हळदीच्या पाटीवर. कानबाईची नुसतीच, साथीशिवाय, कारण त्यांची पाटी अजून व्हायची होती. जाताना युवराज म्हणाला, "हळदीची तुला जमतील तशी नीट लाव. कानबाईची तशीच ठेव, मी साथ नंतर भरतो." मी बरं म्हणालो.

आता पुढचं. माझ्या धंद्यात एक रीत आहे. कोणाचाही आवाज आला की आधी सॉफ्टवेअरमधून काढायचा. ते प्रत्येक सूर उचलून जवळच्या ठरलेल्या पट्टीवर नेऊन बसवतं. भजनी मंडळं, वाढदिवसाला गाणारे काका, निवडणुकीचे प्रचारगीतवाले, सगळे येतात ते हेच म्हणत, "सुरात करून द्या." अक्काची गाणी मी ऐकत बसलो, आणि मला वाटलं, ही अशीच बाहेर गेली तर लोक हसतील. तिला हसतील, युवराजला हसतील. मी दोघांवर उपकार करतोय अशी माझी खात्री होती. मी तिचा एकेक सूर उचलला आणि जागेवर बसवला. मग त्या सुरांशी युवराजची गिटार भांडायला लागली, तेव्हा ती काढून टाकली आणि तिथं माझा कीबोर्ड वाजवला. कानबाईच्या गाण्यांनाही वाजवला. आणि खरं सांगायचं तर उपकार एवढंच कारण नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस लाकूड घासत मला सांगत होता की माझ्या वाद्यात जागा नाही. मला दाखवायचं होतं की आहे... हे तेव्हा कळलं नाही असंही म्हणणार नाही. थोडं कळलं होतं. काम संपलं तशी लग्नसराई आली, डिस्क भरली, आणि झालेल्या कामांचे मूळ आवाज मी नेहमीसारखे पुसून टाकले. त्यात अक्काचाही गेला. पुसताना हात थबकला नाही. काम झालं होतं.

ते दोघं ऐकायला आले. मी मोठ्या स्पीकरवर लावलं. अक्का हात मांडीवर ठेवून, मान जरा तिरकी करून ऐकत होती. गाणं निम्मं झालं आणि तिनं युवराजला विचारलं, "कोन शे हाई बाई? चांगली गास." मला वाटलं, ती गंमत करतेय. मी हसून म्हणालो, "अक्का, तुम्हीच की." तिनं स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि यजमानाला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावली. युवराज खिडकीजवळ उभा होता. गाणं संपेपर्यंत हलला नाही. मग एवढंच म्हणाला, "मूळ ठेवलंय ना?"

मी म्हणालो, "ठेवलंय."

"मग असू दे," तो म्हणाला. "मेहनत घेतलीस तू."

पुढच्या श्रावणाच्या आधीच अक्का गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या गावी दारावर बसायला, म्हणजे दुखवट्याला गेलो, तेव्हा गर्दीतून उठून युवराज माझ्यापाशी आला आणि माझं मनगट धरून हळूच म्हणाला, "नंदू, आता फक्त तुझ्याकडे आहे ती." तेव्हा सांगायला हवं होतं. पण तिथं, त्या ओसरीवर, बायांचं रडणं चाललेलं असताना ते कसं सांगतात, हे मला माहीत नव्हतं. आणि त्या दिवशी जे जमलं नाही ते नंतर दर दिवशी आणखी अवघड होत गेलं. वर्ष उलटल्यावर तो आला, बगलेत कानबाईची पाटी, घासून तयार, एकही पडदा न बसवलेली, आणि खिशात पडद्याचे तुकडे. "आवाज लाव. इथं बसूनच खुणा करतो." मी म्हणालो, डिस्क बिघडलीय, पुण्याला दुरुस्तीला दिलीय. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. त्यानं पेन्सिल कानामागून काढून खिशात ठेवली. आम्ही बाहेर जाऊन भरीत-भाकरी खाल्ली. स्टँडवर एसटीत चढताना त्यानं मलाच धीर दिला. "तू त्यांच्या मागं घाई लावू नको. नाजूक काम असतं. होऊ दे सावकाश." त्यानंतर दर श्रावणात त्याचा एक फोन यायचा. "पुण्याहून आली का रे?" नाही म्हटलं की, "बरं," म्हणायचा आणि शेतातल्या कपाशीची, पांझरा नदीच्या पाण्याची हकिगत आपणच सांगायचा. त्याला कळलं होतं का? मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो की कळलं असणार, मोठ्या मनाचा होता, म्हणून बोलला नाही. तसं समजणं सोयीचं होतं.

दशक्रिया, गंधमुक्ती होऊन घर रिकामं झालं, पाहुणे गेले, तेव्हा मी पुन्हा देवपूरला गेलो. ललितावहिनी हॉलमध्ये खाली बसून मेथी निवडत होत्या. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, "नंदूभाऊ, ते अक्कांचं पुण्याहून आलं का हो? आमची मुलगी म्हणतेय, बाबांच्या आठवणीला येत्या कानबाईत लावू."

मी सांगितलं. पुणं कधी नव्हतंच, तेही सांगितलं. त्या मेथी निवडत राहिल्या. मला वाटत होतं, त्या रडतील किंवा मला जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "मग त्यांना का नाही सांगितलं?"

"लाज वाटली वहिनी."

"लाज," त्या म्हणाल्या. "अहो, ते भांडले असते. महिनोन्महिने तुमचं नाव काढलं नसतं. आणि मग गेले असते गावाला. अक्कांच्या बरोबरीच्या बाया होत्या ना तिथं. सुमनबाई होत्या, शेवंताबाई होत्या. तोच गळा नसेल, पण तीच गाणी, एकाच ओसरीवर म्हटलेली. दर कानबाईला आम्ही जायचो. त्या गायच्या, हे समोर बसून रोट खायचे. मी म्हणायचे, ह्या बायांचं घ्या की रेकॉर्ड करून. तर म्हणायचे, कशाला, अक्काच आहे ना नंदूकडे."

मी विचारलं, "आता कोण आहे?"

"शेवंताबाई आहे. घरच्यांनाच ओळखत नाही." त्यांनी निवडलेली मेथी चाळणीत लोटली. "ह्यांना क्षमाबिमा करता आली असती हो. ती काय अवघड गोष्ट नव्हती. पण तुम्ही ह्यांचे श्रावण घालवले."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी इतकी वर्षं माझ्या खोटेपणाचा हिशेब करत होतो, आणि त्यात फक्त मी होतो. तो वाट पाहतोय, आणि तो वाट पाहतोय तोवर दुसऱ्या बाया म्हाताऱ्या होताहेत, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. हे सगळं छापून आणायचं का, असं मी त्यांना जाताना विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा. पण माझ्याकडून माफी मिळाली असं लिहू नका." ती मिळालेली नाही.

तरी मी जातो. रविवारी सकाळची एसटी धरतो. मागच्या खोलीत त्याचं टेबल आहे तसं आहे. भिंतीवर खिळ्यांना पाट्या टांगलेल्या आणि टेबलावर कानबाईची पाटी, जिच्यावर त्यानं शेवटी नुसत्या अंदाजानं, आठवणीनं काही तुकडे चिकटवले आणि मग थांबला. तिला मी हात लावत नाही. मागच्या खेपेला वहिनी म्हणाल्या, "ते हळदीचं तरी लावून बघा. मला ते सरकवता येत नाही, आणि मुलीला भीती वाटते मोडेल म्हणून." मी तारा सैल केल्या, सरकारी पाटी ओढून काढली, हळदीची खाचेत घातली. ती मध्येच अडकली, मग सरकली. स्क्रू आवळला, तारा पुन्हा लावल्या. गिटार मला जेमतेम येते, पण ते गाणं साधं आहे, वरखाली चारपाच सूर. वाजवायला लागलो. मला लिहायचं होतं की त्या क्षणी अक्काचा गंधार मला कळला. तसं झालं नाही. तो बोटाखाली आला आणि माझ्या कानाला पहिल्यासारखाच खुपला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवलं. वहिनी ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या होत्या. गाण्यातलं त्यांना काही कळत नाही, असं त्या नेहमी म्हणतात.

"नंदूभाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या एका ठिकाणी बोट ओढताय."

मी खाली पाहिलं. खरंच ओढत होतो. गंधार आला की माझं बोट आपोआप तार बाजूला ताणून तो वर, कीबोर्डच्या पांढऱ्या पट्टीच्या जागी नेऊन बसवत होतं. कोणी सांगितलं नसताना. मला पत्ताही नव्हता.

"ओढू नका," वहिनी म्हणाल्या. "आहे तिथं राहू द्या."

मी बोट सरळ ठेवलं. नुसतं दाबून धरायला इतका जोर लागेल असं वाटलं नव्हतं. सूर उतरून जिथं त्यानं पेन्सिलनं रेघ ओढली होती तिथं थांबला. मला तो अजून चुकीचाच वाटत होता. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या, आणि मी वाजवत राहिलो...